वरचीला नाव नव्हतं

बुधवारची बाक्लारानच्या चर्चमधली प्रार्थना आटोपून मी बसने घरी निघाले होते. जपमाळ पिशवीत टाकली होती, पण ओठ आपले चालूच होते, आणि एड्सा रस्त्यावरच्या रोजच्या खोळंब्यात बस अडकून पडली होती. समोरच्या इमारतीवर सिनेमाचा नवा फलक चढला होता. एका मुलीचा चेहरा, चार मजले उंच. डोळ्यांत हिरवा जाळ, केस वाऱ्यावर, आणि तळहाताभोवती दगड गरगर फिरताहेत. असल्या चित्रांकडे मी एरवी पाहत नाही. पण बस हलेना आणि डोळ्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. मग त्या मुलीच्या पायाशी मला झरा दिसला. तीन काळ्या शिळांच्या बेचक्यातून निघणारा, वर पारंब्यांचं झाड, खाली पांढऱ्या गोट्यांचं कडं. कड्याला खालच्या अंगाला एक फट ठेवलेली असते, पाण्याला आणि माणसाला परत जाता यावं म्हणून. चित्रकाराने ती फटसुद्धा ठेवली होती. तो आमचाच झरा होता. आणि त्याखाली घराएवढ्या अक्षरांत एक नाव लिहिलं होतं: सिबोल. मी ते पुन्हा वाचलं, मनातल्या मनात, मग घाईघाईने क्रूसाची खूण केली. आमच्या डोंगरावर, झऱ्यापाशी जी राहते तिला नाव नव्हतं. आम्ही ‘वरची’ म्हणायचो. वरचीनं धुकं सोडलंय, आज लाकडाला नको जायला. वरचीला विचारून पाणी घे. नाव घेतलं की ती ऐकते, ऐकलं की बघायला येते, आणि बघितलं की एखादं पोर तिला आवडतं, असं नानाय सांगायची. नानाय म्हणजे आमची आई. आणि नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे चुकून घेतलं जाण्याची भीतीही नव्हती. केवढी सोय होती ती! आता ते नाव एड्सावर टांगलं होतं, खालून हजारो माणसं हॉर्न वाजवत जात होती, आणि ते नाव खोटं आहे, कुणा तरी पोराने टेबलाशी बसून काढलेलं आहे, हे कळत असूनही मी पिशवीतली जपमाळ पुन्हा काढून हातात घेतली. माझा थांबा मागे गेला तेव्हा बस रिकामी होत आली होती.

घरी पोचले तेव्हा सेपा खिडकीशी बसलेली होती. सेपा माझी धाकटी बहीण. पाच वाजले की ती आपली आपण उठून तिथे जाऊन बसते, हात मांडीवर, तोंड पूर्वेकडे. दिवसभर तिला जे द्यावं ते ती खाते, धुतलेले कपडे घडी करायला दिले तर कडेला कड लावून इतक्या नीट घड्या करते की उलगडायला जीव होत नाही. पण बोलत नाही, आणि हसली तर कशाला हसली ते कळत नाही. आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत. आमच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, टाकीच्या वर तारा, आणि हवा स्वच्छ असेल तर तारांच्या मागे डोंगरांची एक निळी रेघ. त्या रेघेत आमचा डोंगर नाही, तो फार पलीकडे आहे. पण दिशा तीच. सहाची घंटा झाली की मी ‘देवदूताचा निरोप’ ही संध्याकाळची प्रार्थना म्हणते, तीन वेळा नमो मारिया म्हणते, मग खिडकीत वाकून सेपाच्या डोक्यावरून बाहेर हाक मारते, “सेपाऽ, चल गं, घरी जाऊ!” एकदाच. मोठ्याने. मग खिडकी लावून घेते. हे आमच्या घरचं व्रत. आधी नानायचं होतं, तिने ते पाळता पाळता डोळे मिटले, आणि मिटण्याआधी माझं मनगट धरून म्हणाली, “हाक चुकू देऊ नकोस.” एरवी माझा आवाज इतका हळू की भाजीवाली दोनदा विचारते, “काय हवंय?” पण या एका हाकेला मी कधी आवाज राखला नाही. खालच्या मजल्यावरची आलिंग तोयांग म्हणते, “लुमिंग, तुझी हाक झाली की मी भात उतरवते बघ. घड्याळाचा काय भरवसा!”

पाप सांगायला गेले असताना एकदा पाद्रीबाबांना विचारलं होतं, हे चालतं का म्हणून. म्हातारे होते. जाळीला कान लावून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हाक मार बाई. पण आधी मारियामाउलीला सांगून मार.” तेव्हापासून मी तीन नमो मारिया म्हणते.

झऱ्यावरच्या त्या दिवसाचं मला सगळं आठवतं आणि काहीच सलग आठवत नाही. मे महिना, फुलांच्या मिरवणुका संपलेल्या, आणि चर्चच्या मुलांची सहल झऱ्यावर. केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. ओल्या शिळेचा हिरवा वास. नानाय धर्माचे पाठ शिकवायची, म्हणून सगळ्या पोरांची जबाबदारी तिच्यावर. आणि सोबत नवे पाद्री, मनिलाहून आलेले, गोरटेले, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे. आदल्याच रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं होतं, की झाडांना, झऱ्यांना ‘जरा बाजूला व्हा हं’ म्हणत हिंडणारे लोक देवाला ओळखतच नाहीत. लोक माना खाली घालून ऐकत होते. काहीजण हसले होते. नानाय हसली नव्हती. आमच्याकडे रानातून, पाण्यावरून निघताना प्रत्येक पोराचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारतात, “चल, घरी जाऊ!” आणि पोराने मोठ्याने ओ द्यायची, “आले!” ओ मिळाली की त्या नावाची हाक संपली. पुन्हा मारायची नाही, वळून बघायचं नाही. असं केलं नाही तर पोराचं शरीर घरी येतं आणि पोर तिथेच खेळत राहतं. हे सांगावं लागत नाही, पायात चप्पल घालतो तसं ते होतं. त्या दिवशी निघताना सगळ्या आया नानायकडे बघत होत्या. पाद्री शेजारीच उभे राहून पाय पुसत होते. नानायने झऱ्याकडे तोंड केलं आणि हाका मारल्या, पण आतल्या आत. नुसते ओठ हलले. मी तिच्या अगदी जवळ होते म्हणून मला दिसलं. बाकीच्या बायांनी वाटेत, पाद्री पुढे गेल्यावर, आपापल्या पोरांच्या हाका उरकून घेतल्या. नानाय पाद्रींबरोबर पुढे चालत होती. मी चालता चालता कुणी विचारायच्या आत “आले, आले” म्हणत राहिले, कारण मला भीती वाटत होती. सेपा लहान होती. ऐकू न आलेल्या हाकेला ती ओ कशी देणार?

मग ताप आला. डॉक्टर म्हणाले ताप मेंदूत चढला, आणि ते खरंच असणार. मी कधी त्यांना खोटं ठरवलं नाही. ताप उतरल्यावर सेपाने डोळे उघडले, नानायने तिला उचलून घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत नानाय म्हणाली, “हलकी लागतेय गं.” एवढंच. त्या संध्याकाळपासून हाक सुरू झाली.

फलक पाहून तीन-चार दिवस गेले असतील. नोनोयचा फोन आला. आम्ही रेडिओच्या नाटकांत उमेदीची वर्षं एकत्र काढली. तो खलनायक, मी रडणारी. मी त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणते. मला घराघरांत ओळखायचे ते रडण्यावरून. देवाने हळू आवाजाच्या बाईला पोटासाठी रडायला लावलं, यात त्याची काही योजना असेल.

“लुमिंग, जिवंत आहेस का?”

“तुला काय वाटतं, कुया?”

“माळ ओढतेयस म्हणजे जिवंत आहेस. ऐक. तो सिबोलचा सिनेमा आहे ना, डोंगरवालीचा? त्यांना एका आईचा आवाज पाहिजे. एकच वाक्य आहे. पाण्यावरून पोराला हाक मारायची, आपल्याकडे मारतात तशी. चार जणींना बोलावून झालं, सगळ्या नाटक करतात. मी म्हटलं, एक बाई आहे, ती रडली की जीपचे ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचे.”

“मला नाही जमायचं.”

“अगं, तुझ्याच डोंगराची गोष्ट आहे. हाक तूच मार, नाही तर मग कुणी तरी मकातीची श्रीमंत मड्डम ‘घरी जाऊ’ म्हणेल, हॉटेलात वेटरला हाक मारल्यासारखी. चालेल तुला?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. नोनोयने तेवढ्यात ओळखलं. तो हळू आवाजात म्हणाला, “सगळ्या बेटांवर लागणार आहे सिनेमा. परदेशातसुद्धा.” त्याने ते पैशांसाठी सांगितलं असेल, पण मला दुसरंच ऐकू आलं. माझी हाक पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. नानायची हाक जास्तीत जास्त नदीपर्यंत जात असे. आणि ही सगळ्या बेटांवर, अंधारात बसलेल्या एवढ्या माणसांच्या डोक्यावरून, डोंगरापलीकडेसुद्धा. मी भाबडी नाही, सिनेमा काय असतो मला कळतं. तरी त्या रात्री माळेचे मणी मोजताना माझी दहाची ओळ दोनदा चुकली. एकीकडे ही हाव, आणि दुसरीकडे भीती: ही हाक आम्ही दुसऱ्या कुणाच्या नावाने कधी मारलेली नाही. ती दुसरीकडे खर्च झाली, आणि सेपाचं जे तिथे राहिलंय त्याने ती ऐकून मनाशी म्हटलं, आता आपल्याला नाही बोलावत, तर?

शुक्रवार होता. मी शुक्रवारी मांसमच्छी खात नाही, दुपारपर्यंत नुसत्या पाण्यावर असते, आणि स्टुडिओत गेल्यागेल्या एका मुलीने हातात तळलेल्या कोंबडीचा डबा दिला. मी तो मांडीवर घेऊन बसले. भिंतीवर ओळीने चित्रं होती. एकेका सिनेमाचं एकेक. घोड्याच्या तोंडाचा तो, जो आमच्याकडे वाट चुकवायचा, त्याच्या अंगावर चिलखत. झाडावर बसून चिरूट ओढणारा म्हातारा राक्षस, त्याला मोटारसायकल दिलेली. रात्री कमरेपासून तुटून उडणारी बाई, ती पोलिसांच्या बाजूने. सगळ्यांच्या चित्रांतून तांबडे दोरे निघून शेवटच्या एका रिकाम्या चौकटीत गेले होते. सगळे शेवटी तिथे भेटणार. मला त्यांची दया आली. ज्याचं त्याचं एक झाड होतं, एक वळण होतं, एकेका गावची भीती होती. आता सगळ्यांना घर सोडून या शहरात यावं लागलं होतं, आमच्यासारखंच.

दिग्दर्शिका अगदी तरुण होती. मायुमी नाव. सगळे तिला ‘दिरेक’ म्हणत. तिने मावशी समजून ‘तिता’ म्हटलं आणि वाकून माझा हात कपाळाला लावला, आमच्याकडे मोठ्यांना करतात तसा नमस्कार, तेव्हा मला बरं वाटलं. “तिता लुमिंग, माझी आजी तुमची नाटकं ऐकत इस्त्री करायची. किती कपडे जाळलेत तिने तुमच्यापायी!”

“मग मी काय, भरपाई द्यायची का बाळा?”

ती खळखळून हसली. मग मला गोष्ट सांगू लागली. एक लहान मुलगी झऱ्यावर राहून जाते. आई हाक मारते, पण उशीर झालेला असतो. वरची तिला वाढवते आणि आपली शक्ती देते. ती मुलगीच मग सिबोल होते.

“आणि मग घरी येते?” मी विचारलं.

“कोण?”

“मुलगी. आई हाक मारते ना?”

मायुमीने ध्वनिमुद्रण करणाऱ्या रोमेलकडे पाहिलं. “नाही तिता. ती घरी आली तर पुढचे सिनेमे कसे होणार? आईची हाक प्रत्येक भागात येते, पण नुसती. ती ऐकते आणि थांबते. तिची ताकदच तिथून येते.” मग ती ओशाळल्यासारखं म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटलं का?”

“नाही गं,” मी म्हटलं.  कुणी तरी आमच्या घराची गोष्ट आमच्याहून धीटपणे पाहिली होती. ती ऐकते आणि थांबते. मला कधी हे सुचलं नव्हतं की तिला ऐकू येत असेल.

काचेच्या खोलीत त्यांनी मला उभं केलं, कानांवर जाड गोळे बसवले. आतली शांतता कापसासारखी होती; माझ्याच गिळण्याचा आवाज मला ऐकू येत होता. समोर पडद्यावर झरा. नक्कल होती, पण पाणी खरं होतं. मुलीचं लहानपणचं नाव त्यांनी ‘तालिया’ ठेवलं होतं. मी तीन नमो मारिया म्हटल्या. काचेपलीकडे सगळे थांबून राहिले, कुणी घाई केली नाही. मग मी हाक मारली, “तालियाऽ, चल गं, घरी जाऊ!” ती बरी झाली, पण ती रेडिओची होती, माझं मलाच कळलं. रोमेलने अंगठा वर केला, मायुमीने मान हलवली. “तिता, अजून एकदा? तुम्हाला पाहिजे तशी.” मी डोळे मिटले. पँट दुमडून उभे असलेले पाद्री दिसले, नानायचे हलणारे ओठ दिसले, आणि मला वाटलं, आता मारतेय ती हाक नानायची आहे, तेव्हा घशात अडकलेली, मी नुसती बाहेर काढतेय. कुणाचं नाव घेतेय याला मग महत्त्व राहिलं नाही. कुठल्या तरी घरचं पोर आहे, उन्हं उतरलीत, त्याला बोलवायला हवं.

“तालियाऽऽ! चल गं बाळा, घरी जाऊ!”

आणि दोन्ही कानांत, अगदी जवळून, श्वासासकट कुणी तरी म्हणालं, “आले!”

मी डोळे उघडले नाहीत. काचेपलीकडे गडबड झाली, खुर्ची सरकली, आणि मग मायुमीचाच आवाज, शरमलेला, “सॉरी सॉरी, तिता! माझं बोट बटणावर होतं. तोंडातून गेलंच. लहानपणी आजीने नदीवर अशी हाक मारली आणि ओ दिली नाही तर पाठीत धपाटा बसायचा हो. इतकी मस्त झाली होती, मीच घाण केली.” रोमेल हसत होता. “दिरेक, आता तूच हिरॉईन.” “गप रे! तिता, एकदाच अजून? शेवटचं. प्लीज.”

मी कानांवरचे गोळे काढून काचेचं दार उघडलं. पदरासारखी ओढणी पुढे घेतली. आमच्या हाकेला आलेली ओ मी जन्मात कधी ऐकली नव्हती. नानाय ऐकल्याशिवाय गेली. किती संध्याकाळी आम्ही हाक मारून खिडकी लावून घेतली, कान असे लांब करून, जिना चढणाऱ्या पावलांपर्यंत, तारांवरच्या पाखरांपर्यंत. आणि ती आली ती अशी, परक्या पोरीच्या तोंडून, चुकून, कोंबडीचा वास येणाऱ्या खोलीत.

“आता नाही मारता येणार,” मी म्हटलं.

“थकलात का?”

“नाही बाळा. तू ओ दिलीस ना.”

रोमेल काही बोलणार होता. मायुमीने त्याच्या दंडावर हात ठेवला. तिचं हसू हळूहळू मावळलं आणि तिथे नदीवरून आजीबरोबर परत निघालेल्या एका लहान मुलीचा चेहरा आला. “हो,” ती म्हणाली. “ओ दिल्यावर पुन्हा नाही मारत.” मग रोमेलला म्हणाली, “ओ काढून टाक. हाक तेवढी घे.”

म्हणजे सिनेमात ती हाक नुसती जाईल, आणि ओ त्यांच्या यंत्रातून पुसली जाईल. खरी ओ म्हणून ती ऐकलेली मी एकटीच.

घरी आले तेव्हा टाकीवरचं ऊन ओसरलं होतं. सेपा खिडकीशी बसली होती. मी आंबट कढीला चिंच कोळली, वांगी चिरली, आणि सहाची घंटा झाली तशी उभी राहून निरोप म्हटला, तीन नमो मारिया म्हटल्या. मग खिडकीकडे जायचं होतं. पाय गेले नाहीत. मी स्वतःला समजावलं, अगं, ओ कुणा तालियाची होती, सेपाची नव्हे. नानायला वचन दिलंयस. तोंड उघडलं. पण घसा असा रिता झाला होता जसं ओतून टाकलेलं भांडं. खोटी हाक मारता आली असती, रेडिओची. सेपासाठी मी ती मारणार नव्हते. नानायची माझ्या मनगटावरची बोटं मला जाणवत होती. मी चुलीशी उभी राहिले आणि कढीतला बुडबुडा फुटताना बघत राहिले. व्रत मोडलं. माझ्या हातून, आजच्या शुक्रवारी. मला वाटलं होतं काही तरी कोसळेल. खाली आलिंग तोयांगच्या झाकणाचा आवाज झाला, कुणाची तरी मोटारसायकल गेली, आणि अंधार पडू लागला.

सेपा वाट पाहत होती. मला तिची पाठ दिसत होती. हाक झाली की मी खिडकी लावते, खिडकी लावली की ती जेवते, असा तिचा दिवस. तिने एकदा बाहेर पाहिलं, जरा पुढे वाकून. आणि मला जे दिसलं ते इतकं साधं होतं, की इतकी वर्षं कसं दिसलं नाही याचं नवल वाटलं. आम्ही रोज डोंगराकडे हाक मारायचो. ती आमच्या तोंडाखाली बसलेली असायची आणि आम्ही तिच्या डोक्यावरून, लांब, तिला बोलवायचो. म्हणून तीही तिकडेच बघायची. सेपा कुठे आहे ते आम्हीच तिला रोज दाखवत होतो.

खुर्ची वाजली. मी वळले नाही. अनवाणी पावलं, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरं, जसं कुणी ओल्या दगडांवरून येतंय. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. या वेळी, या उजेडात तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. नेहमी पाठ असायची. तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, भांडं कुणाचं आहे ते ओळखावं तसं. ती काही बोलली नाही. मीही ‘आलीस?’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुन्हा हाकच झाली असती. मी नुसती बाजूला सरकले आणि चुलीजवळ तिला जागा करून दिली. ती आली, उभी राहिली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि तो हलका नव्हता.

पलीकडच्या खोलीत खिडकी उघडीच राहिली होती. तारांमागची रेघ पुसली गेली होती. मला एकाएकी वरचीची आठवण झाली. फलकावरची नव्हे, आमची, बिननावाची. रोज आमची हाक ऐकायची तिची इतक्या वर्षांची सवय. आज तीही कान देऊन बसली असेल.